साळुंकीच्या पोटावरचे चार ठिपके

वृंदावहिनी,

हॉस्पिटलनं तुमच्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. चष्मा, घड्याळ, दोन बांगड्या. एका बांगडीत तुमच्या सवयीप्रमाणे सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, तशाच राहिल्यात. पिशवी भावजींना द्यायला हवी होती, पण ते खाली सह्या करत उभे होते आणि मला ती हातातून सोडवेना. पर्समध्ये घातली आणि घरी आणली. आता ती माझ्या ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी आहे. येता-जाता तिकडे नजर गेली की मान खाली जाते. तुम्ही गेलात म्हणून रडू येतं, ते येतंच. पण त्याच्या आधी लाज येते.

या दिवसांत लोक पुष्कळ आले. तुमच्या शाळेतली मुलं आली, "आंटी, शी मेड फिजिक्स सो ईझी," म्हणाली आणि बूट घालून गेली. मंडळातल्या बायका तुमच्या गव्हाच्या खिरीची आठवण काढून डोळे पुसत होत्या. मला आतल्या आत राग येत होता. खीर तुम्हाला फारशी आवडतही नव्हती करायला. तुम्हाला काय आवडायचं ते कुणाला आठवलं नाही, एक भावजी सोडून. आणि भावजींना आठवलं ते कसं, ते शेवटी सांगते. आधी सांगायची हिंमत नाही.

लग्न होऊन मी शारजाला आले तेव्हा माहेरून बजावून पाठवलं होतं की थोरल्या जावेशी जपून राहा, शिकलेली आहे, शाळेत शिकवते. मी जपूनच होते. तुम्ही पहिल्या महिन्यात मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेऊन बसवलंत. टेस्टमध्ये नापास होऊन मी रडत बाहेर आले की तुम्ही विचारायचात, "पार्किंग चुकलं का? मग चला पार्किंग करायला." अल नहदातल्या आपल्या बिल्डिंगच्या मागं तेव्हा नुसती वाळू होती. तिथं पाण्याचे रिकामे कॅन उभे करायचे आणि मी ते पाडायचे. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. पुढं माझा पुरणपोळ्यांचा धंदा उभा राहिला तो त्या लायसन्सवर. देरापर्यंत डबे पोचवते ते तुमच्या त्या कॅनच्या पुण्याईनं.

मग तुम्हाला रॉकेटचं वेड लागलं. शाळेतल्या कुणा इंग्रज बाईंनी तुम्हाला एका शुक्रवारी त्यांच्या क्लबाबरोबर वाळवंटात नेलं आणि परत आलात ते दुसरीच बाई होऊन. चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या घरात लिफ्टमधून बाहेर पडल्यापासून इपॉक्सी गोंदाचा वास यायचा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची लांब नळी, तिच्यावर फायबरग्लास, शेजारी प्लायवुडचे घासून गुळगुळीत केलेले पंख. सगळे मांडीवर ताट घेऊन जेवायचे. "बाकीच्यांच्या बायका गोल्ड सूकला सोनं बघायला जातात," भावजी म्हणायचे, "आमची बाई देरात जाते ती हार्डवेअरच्या दुकानात. माझा फायदाच आहे." तुमची केतकी तोंड वाकडं करून म्हणायची, "मम्मा, नोबडीज मॉम डझ धिस," आणि मग तिनंच त्या रॉकेटवर पांढऱ्या रंगात नाव रंगवलं, साळुंकी.

माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच होती तुमची साळुंकी. तिच्या पोटात एक छोटं यंत्र होतं. एका दुपारी तुम्ही सातव्या मजल्यावर माझ्या घरी येऊन मला ते समजावून सांगितलंत. रॉकेट वर जातं तसा हवेचा दाब कमी होत जातो. कमी व्हायचा थांबला की यंत्र ओळखतं, आता माथा गाठला. मग ते चिमूटभर बारूद पेटवतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. बाहेरची हवा यंत्राला कळावी म्हणून नळीला चार बारीक भोकं पाडली होती, सारख्या अंतरावर, एका रांगेत. "या साळुंकीच्या नाकपुड्या," तुम्ही म्हणालात. मी पुरण वाटत होते. मी "हो का" म्हटलं आणि डाळ पुढं ढकलली.

मला सांगितलं होतंत तुम्ही. हे वाक्य मी या आठवड्यात किती वेळा मनात म्हटलं, मलाच ठाऊक.

त्या हिवाळ्यात आई आल्या होत्या. आपल्या सासूबाई, पहिल्यांदाच विमानात बसून, व्हिजिट व्हिसावर. मामंजी कोकणात घर आणि गुरं सांभाळत मागं राहिले होते. आईंना शारजात सगळ्याचंच नवल. कुठल्याही वस्तूचे दिरहम ऐकले की मोठ्यानं रुपये करायच्या आणि वस्तू परत ठेवायला लावायच्या. तुमच्या रॉकेटाचे मात्र त्यांनी कधी रुपये केले नाहीत. तुम्ही पंख घासायला बसलात की त्या समोर लसूण सोलत बसायच्या. "ही इतकी वर जाणार?" असं छताकडे बोट करून विचारायच्या. तुम्ही म्हणायचात, "आई, छत कुठं, त्याच्या कितीतरी वर." त्या खूश व्हायच्या. गावी पत्र गेलं ते मीच लिहून दिलं होतं. थोरली सून विमान बांधते आहे, असं त्यांनी सांगितलं. मी रॉकेट म्हणून दुरुस्त केलं तर नको म्हणाल्या, तिकडे कुणाला कळायचं नाही.

क्लबात मोठं इंजिन उडवायचं तर परीक्षा असायची. स्वतः बांधलेलं रॉकेट सगळ्यांसमोर उडवायचं आणि ते धड परत खाली आणायचं. धड आलं तर पास, आपटलं तर नापास, त्यात वाद नाही. तुम्ही वर्षभर त्या एका उड्डाणासाठी राबलात. इंजिन परदेशातून यायचं, पोलिसांची परवानगी लागायची, पुन्हा कधी जमेल याचा नेम नसायचा. त्या क्लबात तुमच्याआधी कुठल्याही बाईनं ती परीक्षा दिली नव्हती. हे तुम्ही कुणाला सांगत नव्हतात, पण मला सांगितलं होतंत.

शुक्रवारची सकाळ. तुम्ही आणि भावजी खाली बेसमेंटमध्ये गाडीत सामान चढवत होतात. मी सगळ्यांसाठी थालीपिठं लावायला तुमच्या घरी आले होते. साळुंकी टेबलावर आडवी, तयार. आई अंघोळ करून, नऊवारी नेसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नवी गाडी आणली तरी कुंकू लावतो. ही तर आकाशात जाणार. ताट धर गं." मी तव्याखालचा गॅस बारीक केला आणि ताट धरलं.

कुंकू काही चिकटेना. तुम्ही रंग असा झकास दिला होतात की बोट घसरत होतं. मग आईंनी कमरेची पिशवी सोडून मेणाची डबी काढली. रोज कपाळाला आधी मेणाचं बोट, मग त्यावर कुंकू, ही त्यांची जन्माची रीत. त्यांनी साळुंकीच्या टोकाला मेण लावून कुंकू टेकवलं. मग पोटाकडे वळल्या. "बघ, पोरीनं खुणासुद्धा करून ठेवल्यात," म्हणाल्या आणि चारही भोकांवर अंगठ्यानं मेण दाबून बसवलं, एकेक करून, वर कुंकवाचे चार गोल. फार सुबक काढले होते. मी ताट धरून उभी होते आणि माझं अर्धं लक्ष तव्याकडे होतं, थालीपीठ करपेल म्हणून.

तुम्ही वर आलात, पाहिलंत, आणि आईंच्या पाया पडलात.

धैदच्या रस्त्यानं आपण वाळवंटात गेलो. आईंनी नऊवारीवर भावजींचा स्वेटर घातला होता आणि डोक्याला माझ्या मुलाची कॅप. क्लबातले लोक त्यांना बघून इतके हरखले की आपली थालीपिठं पहिल्या तासातच खलास. तारा जोडायचं काम करणारे लाहोरचे युसुफभाई आईंसाठी घडीची खुर्ची उघडून म्हणाले, "अम्माजी, आप इधर बैठिए, यहाँ से सीधा दिखेगा." आई खुर्चीवर बसून हात जोडून होत्या, सर्कस सुरू व्हायची वाट बघावी तशा.

सुरक्षेची तपासणी करणारे म्हातारे स्कॉटिश गृहस्थ होते, मिस्टर हॅरिस. त्यांनी साळुंकी हातात घेतली, पंख हलवून पाहिले, आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"अँड व्हॉट इज धिस, वृंदा?"

"ब्लेसिंग," तुम्ही म्हणालात. "माय मदर-इन-लॉ."

त्यांनी आईंकडे बघून कॅप काढली. बोट उचललं आणि अदबीनं ठिपके टाळून पुढचं तपासलं. परक्याच्या देवाधर्माला हात लावायचा नाही, एवढं सगळे तिथं शिकलेले असतात. मग तुमचा हात उठला. मला दिसला. रुमाल होता हातात. आई खुर्चीवरून उठून शेजारीच येऊन उभ्या होत्या, तुमच्या तोंडाकडे बघत. तुमचा हात तसाच खाली आला आणि तुम्ही रुमालानं स्वतःचं कपाळ पुसलंत.

साळुंकी उडाली तेव्हाचं मला आजही जसंच्या तसं आठवतं. युसुफभाई "यल्ला, यल्ला, सब पीछे," करत लोकांना मागं सारत होते. मग आकडे उलटे म्हणून झाले आणि एक आवाज आला, तो कानात नाही, छातीत आला. वाळूवरून धूर उठला आणि ती गेली. इतकी सरळ गेली, वहिनी, की कुणीतरी दोरा ओढल्यासारखी. आई उठून उभ्या राहिल्या. तुम्ही तोंडावर दोन्ही हात घेतले होतेत. तुमचं ते तोंड मी विसरणार नाही. माझ्या लग्नात, बाळंतपणात, कशातच मी तुमचं तसं तोंड पाहिलं नव्हतं.

मग सगळे वर बघत राहिले. पॅराशूट केशरी होतं, उठून दिसावं म्हणून. कुणालाच दिसेना. कुणीतरी म्हणालं, येईल, येईल. मग वरून शीळ ऐकू आली आणि मिस्टर हॅरिस ओरडले, "हेड्स अप." मी आईंना ओढून गाडीआड घेतलं. पलीकडच्या टेकाडामागं धप्प झालं. कुणाला काही लागलं नाही. एवढंच बरं झालं त्या दिवशी.

तुम्ही धावलात. मी तुमच्या मागं. बाकीचे टेकाडाला वळसा घालून येत होते, आपण सरळ वर चढलो, चपला हातात घेऊन. साळुंकीनं नाक वाळूत खुपसलं होतं, अर्धी आत, अर्धी बाहेर, मधे चेपलेली. भोकांचा पट्टा मात्र वाळूच्या वर शाबूत होता. तुम्ही गुडघ्यावर बसलात, अंगठ्यानं एक ठिपका खरवडलात आणि थांबलात. अंगठा नाकाजवळ नेऊन वास घेतलात.

"मेण," म्हणालात.

मला तेव्हा आठवल्या नाकपुड्या.

तुम्ही बांगडीतली सेफ्टी पिन काढलीत आणि भराभरा भोकं कोरायला लागलात. उन्हानं मेण आत उतरून बसलं होतं. लाल लाल गोळ्या निघत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, काय करताय? तसंच राहू द्या, त्यांना बघू द्या, म्हणजे तुमची चूक नाही ते कळेल."

"गप्प बस. येतायत सगळे."

"पण तुम्हाला नापास करतील."

"नापास झालेच आहे. आपटली की नापास." चौथं भोक कोरून तुम्ही पिन पुसलीसुद्धा नाहीत, तशीच बांगडीत अडकवलीत. "आईंना बोलायचं नाही. त्यांनाच काय, कुणालाच नाही. माझी शपथ आहे तुला."

तेवढ्यात मिस्टर हॅरिस धापा टाकत आले. मागं भावजी, त्यांच्या हाताला धरून आई. तुम्ही उभ्या राहिलात, कपड्यांची वाळू झटकलीत आणि सांगितलंत की माझं मोजमाप चुकलं, बारूद कमी पडली, पॅराशूट बाहेर ढकललं गेलं नाही. शाळेच्या लॅबमधल्या काट्यावर तुम्ही ती बारूद मोजली होतीत, दोनदा. माझा पुरणाचा काटा देऊ केला तेव्हा हसला होतात मला.

"नेक्स्ट सीझन, वृंदा," ते म्हणाले.

"इन्शाल्ला," तुम्ही म्हणालात.

आईंनी विचारलं, "काय म्हणतोय तो?" तुम्ही म्हणालात, "म्हणतोय, फार सरळ उडाली." त्यांनी तुमच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

पुढच्या सीझनला परवानगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. क्लबातले लोक बदल्या होऊन पांगले. मिस्टर हॅरिस मायदेशी गेले. तुमच्या कपाटात दुसरी साळुंकी अर्धी बांधून पडली आणि हळूहळू तिच्यावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले.

पण गोष्ट राहिली. भावजींना गोष्टी रंगवायची हौस. दिवाळीला, वाढदिवसाला, खलिफा सिटीतले आपले लोक जेवायला आले की व्हायचीच. "आमच्या बाईसाहेबांनी अख्ख्या शारजाच्या पोरांना फिजिक्स शिकवलं, आणि स्वतःच्या वेळी माप चुकलं. स्वयंपाकातही मीठ असंच पडतं." सगळे हसायचे. भावजींच्या मनात काही वाईट नसायचं, उलट लाडानंच बोलायचे, म्हणून कुणी त्यांना अडवायचंही नाही. तुम्ही हसायचात. आणि वहिनी, मीही हसायचे. गप्प बसायची शपथ होती, हसायची नव्हती. नुसतं खाली बघितलं असतं तरी चाललं असतं. पण सगळे हसत असताना आपणच कसं गंभीर बसायचं म्हणून मी हसत होते, वर एकदा म्हटलंसुद्धा, "भावजी, मिठाचं मात्र खरं आहे हं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पापड पुढं केलात.

आई पुढं मामंजी गेल्यावर कायमच्याच तुमच्याकडे राहायला आल्या. ही गोष्ट सुरू झाली की त्या पाणी आणायला म्हणून उठून आत जायच्या. टेबलावर जग भरलेला असला तरी. मला वाटायचं, म्हातारं माणूस, तेच तेच ऐकून कंटाळलं असेल.

त्या गोष्टीवरून आपलं भांडण झालं ते तुमच्या स्वयंपाकघरात. पाहुणे जाऊन भांडी घासायची होती. मी म्हटलं, "तुम्ही लॅबमध्ये मुलांना चुकलेलं रीडिंग खोडू देत नाही. आलंय ते लिहा म्हणता. आणि स्वतः?"

"ती लॅब आहे. या आई आहेत."

"पण खोटं ते खोटंच ना?"

"खोटं कुठं बोलले? मोजमाप चुकलंच माझं. ठिपके मला दिसले होते, सुलभा. रुमाल हातात होता. कुंकू आहे, कोरडी पूड, तेवढ्यातून हवा जाईल असं मी धरून चालले. खाली मेण असेल हे धरलं नाही. सासू रोज काय लावते कपाळाला, ते मला ठाऊक नव्हतं का? मग चूक कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "ताट मी धरलं होतं. नाकपुड्या मला दाखवल्या होत्यात."

तुम्ही ओला हात माझ्या पाठीवर ठेवलात. "तुला तर मी धरतच नाही हिशेबात," म्हणालात आणि हसलात. "हे बघ, आई गावच्या बायकांना फोनवर सांगतात की माझ्या सुनेनं आकाशात सोडलं. त्यात 'आणि मी पाडलं' हे जोडायचंय का तुला? आधी त्या जातील, सुखानं. मग सांग खुशाल तुझ्या भावजींना. मग आपण सगळे मिळून हसू."

मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. भांडण तिथंच राहिलं, कारण तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. पुढं तुमचं दुखणं निघालं आणि असल्या गोष्टींना जागाच उरली नाही. हॉस्पिटलमध्ये मी रोज डबा घेऊन यायचे. एकदा तुम्ही खिडकीतून विमान बघत होतात तेव्हा ओठांवर आलं होतं, की वहिनी, मला मोकळं करा त्या शपथेतून. पण त्यात मला मोकळं व्हायचं होतं, तुमचं काय होतं? मी म्हटलं, आमटी गरम आहे, दोन घास घ्या.

आधी त्या जातील, असं म्हणाला होतात. गेलात तुम्ही.

शवागाराशेजारच्या खोलीत बायकांना थोडा वेळ दिला होता. हिरवी साडी मी नेसवली, चुडा अजून भरायचा होता. आई हट्टानं आल्या होत्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर आता काही नसतं, पण जुनी पिशवी त्यांनी आणली होती, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. "माझ्या हातानं नको," म्हणाल्या, "तू लाव. सवाष्ण गेली आहे, भरून लाव." मी सवयीनं आधी मेणाची डबी उघडली. त्यांनी पुढं होऊन माझ्या हातातून ती काढून घेतली.

"मेण नको गं," म्हणाल्या. "नुसतं कुंकू लाव. एकदा लावलं होतं तेवढं पुरे."

त्या तुमच्या हाताकडे बघत होत्या, बांगड्या काढून घेतलेल्या मोकळ्या मनगटाकडे. "पिनेला लागलं होतं," म्हणाल्या. "त्याच रात्री दिसलं मला. माझंच मेण, मला कळणार नाही? त्या खुणा नव्हत्या, भोकं होती, तेही तेव्हाच उमगलं. म्हटलं, ही बोलत नाही तर आपण कशाला. तिला वाईट वाटेल." म्हणजे तुम्ही त्यांच्यासाठी गप्प, आणि त्या तुमच्यासाठी. आणि दोघींच्या मधे मी, हसणारी.

काल संध्याकाळी दिवाणखाना भरला होता. खलिफा सिटीहून लोक आले होते. भावजी बरेच दिवस धड बोललेही नव्हते. कुणीतरी तुमचा विषय काढला आणि त्यांना ती गोष्ट आठवली. तीच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सांगत होते, "सगळ्या जगाला शिकवलं हिनं, आणि स्वतःच्या वेळी..." लोक ओल्या डोळ्यांनी हसायला लागले. मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाणी आणायला उठतील.

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तिचं माप बरोबर होतं. मेण माझं होतं." आणि मग सगळं सांगितलं त्यांनी, आपल्या साध्या बोलीत, पहिल्यापासून. ठिपके, भोकं, पिन. "माझी सून चुकली नव्हती. मी चुकले. इतकी वर्षं तुम्ही हसलात, मी ऐकलं. आता नाही हसायचं." भावजींनी रुमालात तोंड घातलं. केतकी आजीजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, इट्स ओके. इट्स ओके, आजी."

शपथ सुटली होती, वहिनी. ताट माझ्या हातात होतं, नाकपुड्या मला दाखवल्या होत्या, एवढंच म्हणायचं होतं. एवढी म्हातारी बाई भर सभेत बोलली होती, मला तिच्या शेजारी नुसतं उभं राहायचं होतं. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मी तिथं होते का ते आठवत असल्यासारखं.

मी उठले आणि पाणी आणायला आत गेले.